सुईचा धसका घेतलेल्या मुलाची अ‍ॅलर्जी त्वचाचाचणी: तयारी कशी करावी?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा आठ वर्षांचा असून लहानपणापासून त्याला इसब आहे, पुढे दमा जडला आणि आतापर्यंत चार वेळा त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. पंधरा दिवसांनी त्याची अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी ठरली आहे. सुईचे नाव काढले तरी तो पलंगाखाली जाऊन बसतो, कारण मागच्या खेपेला सलाईन लावताना चौघांनी त्याला धरून ठेवले होते. त्याला चाचणीबद्दल कधी आणि काय सांगावे, औषधे बंद ठेवण्याच्या दिवसांत खाजेचे काय करावे, आणि चाचणी अर्ध्यावर सोडावी लागली तर केलेले सगळे वाया जाते का, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचा मुलगा या चाचणीला घाबरलेला नाही. ती त्याने अजून पाहिलेलीच नाही. तो घाबरला आहे तो सलाईनच्या सुईला आणि त्याहूनही अधिक त्या चार माणसांच्या हातांना. दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या बाबतीत हा फरक मी नेहमी आधी समजावून सांगतो, कारण पालकांची सारी शक्ती टोचण्याची भीती घालवण्यात खर्च होते आणि या चाचणीतला खरा कठीण भाग तयारीवाचून राहून जातो. तो कठीण भाग म्हणजे टोचून झाल्यानंतरची पंधरा ते वीस मिनिटे.

चाचणीत नेमके काय होते ते आधी पाहू. हाताच्या पुढच्या भागाच्या आतील बाजूस किंवा पाठीवर पेनाने खुणा करतात आणि प्रत्येक खुणेजवळ एका पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवतात: धुळीतील माइट नावाचे सूक्ष्म किडे, पराग, बुरशी, प्राण्यांचा कोंडा, कधी दूध, अंडे किंवा शेंगदाणा. दोन थेंबांमध्ये निदान दोन सेंटिमीटर अंतर असते. मग लॅन्सेट नावाच्या छोट्या टोकाने थेंबातून त्वचेचा केवळ वरचा थर टोचतात. हे टोक साधारण एक मिलिमीटर लांबीचे असते आणि ते शिरेत किंवा स्नायूत जात नाही. सहसा रक्तही येत नाही. एका टोचण्याला एक सेकंदही लागत नाही. याखेरीज दोन थेंब तुलनेसाठी असतात: एक मिठाच्या पाण्याचा, ज्याने काहीही होऊ नये, आणि एक हिस्टामिन या खाज आणणाऱ्या रसायनाचा, ज्याने गांधी, म्हणजे डास चावल्यासारखी फुगी, उठलीच पाहिजे. म्हणजे ज्या मुलाला कशाचीच अ‍ॅलर्जी नाही त्यालाही एका जागी हमखास खाज सुटणार, आणि निकाल वाचून होईपर्यंत ती जागा खाजवायची नाही. आठ वर्षांच्या मुलाने, त्यातही ज्याला इसबामुळे खाज सुटली की खाजवण्याची सवय जडली आहे अशा मुलाने, इतका वेळ हात आवरून बसणे ही साधी गोष्ट नाही. म्हणून माझा सल्ला असा की टोचण्याची तयारी थोडी करा आणि वाट पाहण्याची भरपूर करा.

कधी सांगावे, हे वयावर अवलंबून असते. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी सांगितलेले पुरते, कारण त्याला ‘परवा’ म्हणजे काय हे नीट कळत नाही आणि नुसती काळजी उरते. किशोरवयीन मुलाला मात्र तारीख ठरवतानाच सामील करून घ्यावे. आपल्यामागे ठरवले गेले ही भावना त्या वयात सुईपेक्षा जास्त बोचते. आठव्या वर्षी तीन-चार दिवस आधी सांगणे एरवी योग्य ठरते. तुमच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. चाचणीआधी काही दिवस अँटीहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिनचा परिणाम दाबणारे, खाजेचे औषध बंद करावे लागेल, आणि रोज औषधे घेणाऱ्या मुलाच्या नजरेतून एखादी गोळी किंवा सिरप गायब झालेले सुटत नाही. ‘आज ते औषध का नाही?’ असे त्याने विचारले आणि तुम्ही काहीतरी थाप मारलीत, तर पुढचे सारे सांगणे त्या थापेच्या पायावर उभे राहील. म्हणून ज्या दिवशी औषध थांबेल त्याच दिवशी त्याला सांगा.

सांगताना शब्द मोजून वापरावेत. ‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य कधीही वापरू नये. ‘सुई नाहीच, नुसते थेंब आहेत’ हेही नको. अर्धे खरे सांगितले तर लॅन्सेट दिसताक्षणी ते पूर्ण खोटे ठरते, आणि मुलाच्या हिशेबी डॉक्टर नव्हे तर आई खोटे बोललेली असते. मी मुलांना साधारण असे सांगतो: ‘तुझ्या हातावर रंगीत पेनाने आकडे काढणार. प्रत्येक आकड्याजवळ एक थेंब. मग प्रत्येक थेंबात एक लहान टोक पटकन टेकवणार. कुणाला ते नखाने टोचल्यासारखे वाटते, कुणाला मुंगी चावल्यासारखे; तुला कसे वाटले ते तू मला सांग. मग काही थेंबांखाली डास चावल्यासारखे फुगेल आणि खाज येईल. ती खाज हेच आपले उत्तर आहे, म्हणून घड्याळ वाजेपर्यंत तिला हात लावायचा नाही. सलाईनसारखे यात काही आत राहत नाही.’ शेवटचे वाक्य तुमच्या मुलासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याच्या मनात सुई म्हणजे हातात तासन्‌तास राहणारी, पट्ट्यांनी बांधलेली वस्तू असणार. सांगून झाल्यावर त्याला प्रश्न विचारू द्या. तो गप्प राहिला तर आग्रह धरू नका. बहुतेक मुले खरा प्रश्न रात्री दिवा मालवल्यावर विचारतात.

त्यानंतरच्या दिवसांत घरी एक छोटी तालीम करावी. हाताच्या आतील बाजूस पेनाने सहा-सात आकडे काढा, प्रत्येकाजवळ पाण्याचा थेंब ठेवा, पेनाचे टोपण हलकेच टेकवा आणि मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावा. गजर होईपर्यंत तो हात उशीवर उताणा ठेवायचा. दुसरा हात मोकळा. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे, तिसऱ्या दिवशी पंधरा. आधी त्याने तुमच्या हातावर चाचणी ‘करावी’ आणि मग तुम्ही त्याच्या हातावर, हा क्रम सहसा चांगला चालतो, कारण ज्या मुलावर वर्षानुवर्षे इतरच काहीतरी करत आले आहेत त्याला एकदा करणाऱ्याच्या जागी बसायला मिळते. या तालमीत तो कोणत्या मिनिटाला चुळबुळ करू लागतो ते पाहून ठेवा. चाचणीच्या दिवशी राखून ठेवलेली सर्वांत आवडती गोष्ट त्या मिनिटाला बाहेर काढायची आहे.

आता औषधांविषयी. येथे घाईने निर्णय घेऊ नये. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांसारखी अँटीहिस्टामिन औषधे गांधी उठूच देत नाहीत, म्हणून ती साधारणपणे तीन ते सात दिवस आधी बंद ठेवायला सांगतात. नेमके किती दिवस ते तुमच्या केंद्राने सांगितले असेल तेच पाळावे. इसबाच्या मुलांना रात्रीच्या खाजेसाठी दिले जाणारे हायड्रॉक्सिझिनही याच गटातले आहे. पालकांकडून सर्वाधिक निसटतात ती सर्दी-खोकल्याची सिरपे. त्यांतील अनेकांत अँटीहिस्टामिन असते, पण बाटलीवर मोठ्या अक्षरांत फक्त ‘खोकला’ लिहिलेले असते. चाचणीच्या आदल्या रात्री आजीने प्रेमाने दिलेल्या एका चमच्यामुळे सगळी खटपट फुकट गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. ज्या भागावर चाचणी होणार तेथे स्टिरॉईडचे मलम किती दिवस आधीपासून लावू नये, हेही विचारून घ्या.

याउलट दम्याचे इनहेलर बंद करायचे नाहीत, त्यातल्या स्टिरॉईडचेही नाहीत. दम्याचेच मॉन्टेलुकास्ट हे औषधसुद्धा चालू ठेवता येते. दमा आटोक्यात असणे ही तर चाचणी सुरक्षित होण्याची अट आहे. दीर्घ आजाराच्या मुलांत आणखी काही औषधे असू शकतात: अर्धशिशी किंवा जुनाट वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन, हृदयाच्या किंवा इतर कारणासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध), दम्यासाठी ओमालिझुमॅबची इंजेक्शने. यांतली काही निकाल झाकतात, तर बीटा-ब्लॉकर चालू असताना तीव्र प्रतिक्रिया आलीच तर तिच्यावर तातडीने दिल्या जाणाऱ्या अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम कमी पडू शकतो. ही औषधे स्वतःहून एक दिवसही थांबवू नयेत. चालू असलेल्या सर्व औषधांची, मलमे आणि ‘साधी’ सिरपे धरून, एक यादी करून अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना आधीच पाठवावी आणि ज्यांनी ते औषध सुरू केले त्यांच्याशी त्यांनाच बोलू द्यावे.

अँटीहिस्टामिन बंद असलेल्या रात्री तुम्हा दोघांनाही जड जाणार, हे आधीच गृहीत धरा. नखे कापून ठेवणे, सुती सैल कपडे, कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ आणि त्यानंतर लगेच सढळ हाताने मॉइश्चरायझर, खाज असह्य झाल्यास ओल्या थंड कापडाची घडी, एवढे उपाय या काळात चालतात. फक्त चाचणीच्या दिवशी हातावर किंवा पाठीवर काही लावू नका. तरीही इसब भडकले, झोप उडाली, तर ‘आता इतके सोसलेच आहे तर आणखी दोन दिवस’ असे म्हणू नका. केंद्राला फोन करा. चाचणी पुढे ढकलता येते, आणि रक्तातील विशिष्ट आयजीई (ठरावीक पदार्थाविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रतिपिंड) तपासण्याचा पर्यायही असतो, ज्यावर अँटीहिस्टामिनचा परिणाम होत नाही. चाचणीच्या जागी त्वचा इसबाने भरलेली असेल, त्या दिवशी छातीत घरघर किंवा ताप असेल, किंवा गेल्या काही आठवड्यांत तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका येऊन गेला असेल, तरी ती पुढे ढकलतात. तसे झाल्यास मुलाला त्या क्षणी सांगा की हे त्याच्यामुळे झालेले नाही. नेहमी आजारी पडणारी मुले असे रद्द झालेले बेत मुकाट्याने स्वतःच्या खात्यावर जमा करत असतात.

चाचणीच्या दिवशीचे पहिले काम मुलाशी नव्हे, कर्मचाऱ्यांशी बोलण्याचे आहे, आणि तेही शक्यतो आधी फोनवर. मागच्या वेळी काय घडले ते दोन वाक्यांत सांगा आणि ‘त्याला झोपवून धरू नका, तो माझ्या मांडीवर बसेल’ असे स्पष्टपणे म्हणा. आठ वर्षांचा मुलगा मांडीवर बसायला लाजत असेल तर शेजारी खेटून बसावे, त्याचा चाचणीचा हात टेबलावर आणि दुसरा तुमच्या हातात. पाठीवर चाचणी करायची असेल तर तो तुमच्याकडे तोंड करून तुम्हाला मिठी मारून बसू शकतो. या बसण्यात मूल स्थिरही राहते आणि कैदही होत नाही. पडून राहणे आणि वरून वाकलेले चेहरे, हेच त्याच्या आठवणीतले भयंकर चित्र आहे. ते पुन्हा उभे राहू देऊ नये.

पर्याय द्यायचे ते खरे द्यावेत. कोणता हात, आकडे कोण मोजणार, बघायचे की मान वळवायची, सगळे थेंब सलग की चार-चार करून, एवढे त्याच्या हातात ठेवता येते. चाचणी करायची की नाही हा पर्याय नाही, म्हणून ‘आता सुरू करू या का?’ असे विचारू नका. तो ‘नको’ म्हणेल आणि मग त्याचे उत्तर धाब्यावर बसवावे लागेल. त्याऐवजी ‘आता सुरू होत आहे, तू मोजणार की मी?’ असे म्हणा. थांबण्याची एक खूणही ठरवून घ्या, उदाहरणार्थ मोकळा हात वर करणे, आणि ती केल्यावर खरोखर थांबणारच असे टोचणाऱ्या व्यक्तीकडून त्याच्यासमोर कबूल करून घ्या. खुणेचा अर्थ ‘दोन श्वासांची विश्रांती’ एवढाच, हेही तेव्हाच ठरवा. माझ्या अनुभवात ज्या मुलांना ही खूण मिळते त्यांतली थोडीच ती वापरतात.

टोचत असताना तुम्ही काय बोलता याला फार महत्त्व आहे. ‘काही नाही, काही नाही, झाले बरं का, सॉरी बाळा’ हे आपल्या तोंडून आपोआप निघते, पण मुलांच्या वेदनांवरील अभ्यासांत वारंवार आढळले आहे की असे सांत्वन आणि माफी यांच्या जोडीला मुलाची घालमेल कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते, आणि लक्ष दुसरीकडे वळवणारे किंवा हसवणारे बोलणे उपयोगी पडते. आईचा कातर आवाज हाच मुलाला धोक्याचा इशारा वाटतो. म्हणून खोलीत एकाच माणसाने बोलावे, आणि तेही आवडत्या विषयावर. तुमच्या मुलाकडे आणखी एक भांडवल आहे. स्पेसरमधून, म्हणजे इनहेलरला जोडायच्या नळीतून, औषध घेणाऱ्या मुलाला हळू श्वास घेणे, धरणे आणि सोडणे हे इतरांपेक्षा चांगले जमते. प्रत्येक टोचण्याच्या वेळी लांब श्वास सोडायचा, जणू साबणाचा फुगा न फोडता मोठा करायचा आहे, असे त्याला सांगा. आजाराने शिकवलेली एक गोष्ट आज त्याच्या बाजूने उभी आहे, हे त्याला आवडते.

टोचून झाले की गजर त्याच्या हातात द्या आणि खरा खेळ सुरू करा. कोणता आकडा आधी फुगेल यावर पैज लावावी. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा निदान तीन मिलिमीटर मोठी गांधी सहसा ‘होकारार्थी’ धरतात हे त्याला सांगितले, तर आठ वर्षांचा मुलगा मोजपट्टी मागतोच. निकाल वाचताना परिचारिकेसोबत त्यालाही मोजू द्यावे. या चाचणीच्या जन्माची गोष्टही मी या वेळी सांगतो: मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली गवताच्या परागांनी स्वतःच बेजार होते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या त्वचेवर ओरखडा काढून त्यावर पराग चोळले, आलेली सूज पाहिली आणि १८७३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. डॉक्टरनेच स्वतःला खाज आणून घेतली, हे ऐकून मुले मनापासून खूश होतात. खाज फार वाढली तर मोकळ्या हाताने चेंडू दाबणे, पायाची बोटे आवळणे-सोडणे असे काहीतरी त्याला करायला द्या. थेंबांच्या जागेवर बर्फ किंवा फुंकर नको; जे थंड करायचे ते निकाल वाचल्यावर. मात्र घशात, छातीत, ओठांत किंवा सगळ्या अंगावर काही वेगळे जाणवले तर खेळ सोडून लगेच सांगायचे, हेही त्याला शांतपणे बजावून ठेवा. अशा टोचून करायच्या (प्रिक) चाचणीत तीव्र प्रतिक्रिया अगदी क्वचित येते, तरीही म्हणूनच ती उपचारांची साधने हाताशी असलेल्या ठिकाणी करतात.

येथे एका वेगळ्या प्रकारच्या मुलाचा उल्लेख करतो, कारण वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी तेच असेल. जे मूल ओरडत नाही, हात पुढे करते, छताकडे बघत राहते, त्याला सगळे ‘किती शहाणे’ म्हणतात. वारंवार रुग्णालयात राहिलेल्या मुलांपैकी काही अशी गोठून जातात. त्यांना खूण, पर्याय, गोष्ट आणि मोजपट्टी यांची गरज ओरडणाऱ्या मुलाइतकीच असते. फक्त ती मागत नाहीत.

निकाल वाचून झाल्यावर हात पुसून थंड घडी ठेवावी आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर अँटीहिस्टामिन पुन्हा सुरू करावे. गांधी बहुधा तासा-दोन तासांत उतरतात. काही जागी सहा तासांनंतर किंवा रात्री पुन्हा थोडी सूज येते, ती एक-दोन दिवसांत जाते. त्याच संध्याकाळी त्याच्याकडून दिवसाची गोष्ट ऐका. मुलांच्या मनात वेदनेची आठवण काळाबरोबर फुगत जाते, आणि पुढच्या सुईची भीती त्या आठवणीच्या मापाची असते. ‘तू रडलास तरी हात हलू दिला नाहीस’, ‘सातव्या आकड्याला तू खूण केलीस आणि त्या खरेच थांबल्या’, अशा खऱ्या तपशिलांनी ती आठवण जागेवर राहते. बक्षीस द्यायचे तर या कामांसाठी द्यावे, न रडण्यासाठी नव्हे.

निकालाबद्दलची चर्चा शक्यतो मुलाच्या डोक्यावरून करू नये. होकारार्थी गांधी म्हणजे शरीर त्या पदार्थाला संवेदनशील झाले आहे, एवढेच. त्या पदार्थाने त्याला प्रत्यक्ष त्रास होतो का, हे पूर्वेतिहासावरून आणि गरज पडल्यास देखरेखीखाली तो पदार्थ खाऊ घालून ठरते. गांधीच्या आकारावरून प्रतिक्रिया किती गंभीर होईल तेही कळत नाही. इसबाच्या मुलांत तर असे निरुपद्रवी होकार बरेच निघतात. म्हणून जो पदार्थ तो आज त्रासाशिवाय खातो आहे, तो केवळ हातावर फुगा आला म्हणून ताटातून काढू नका. दीर्घ आजारात वाढ आधीच मागे पडलेली असू शकते, आणि सवयीचा पदार्थ बंद केल्यावर त्याची सहनशीलता हरवल्याची उदाहरणेही आहेत. हातावरचे चार फुगे पाहून ‘म्हणजे मला चार नवीन आजार झाले’ असा अर्थ त्याने लावला नाही ना, हे मात्र विचारून खात्री करून घ्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. चाचणी मध्येच थांबली तरी सगळे वाया जात नाही. हिस्टामिन आणि मिठाच्या पाण्याचे दोन तुलनेचे थेंब टोचले गेले असतील, तर तोपर्यंत झालेल्या जागांचा निकाल वाचता येतो. म्हणून अशा मुलांसाठी ते दोन आणि डॉक्टरांना सर्वाधिक संशय असलेले तीन-चार पदार्थ आधी घ्यावेत, अशी विनंती तुम्ही करू शकता. उरलेले दुसऱ्या दिवशी करता येतात. मात्र तोवर अँटीहिस्टामिन बंद ठेवावे लागणार असल्याने ती तारीख जवळची घ्यावी. उरलेल्यांसाठी रक्ततपासणी सुचवली गेली, तर सुईला घाबरणाऱ्या मुलासाठी ती सोपी वाट आहे असे समजू नका, कारण त्याची भीती नेमकी शिरेत जाणाऱ्या सुईचीच आहे. ती करावी लागलीच तर बधिरतेचे मलम सुमारे एक तास आधी लावून घ्या, आणि पुढे दुसऱ्या एखाद्या कारणासाठी रक्त काढायचेच असेल तर हा नमुनाही त्याच वेळी घेता येईल का, ते विचारा.